अनशीच्या वाफ्यातलं गवत

नागपंचमीला आमच्याकडे जमिनीला लोखंड लावत नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडताच मी खुरपं घेऊन परसात गेले. बघते तर आत्याबाई माझ्याआधी हजर. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आणि बसल्या कुठं होत्या? माझ्या वाफ्यात नाही. बांधाच्या पलीकडे, माझ्या धाकट्या जावेच्या वाफ्यात, तणात पदर खोचून. अनशी त्यांच्या पुढ्यात घोळीची भाजी खुडत होती आणि दोघींचं हळू आवाजात काहीतरी चाललं होतं. मला बघितल्यावर ते थांबलं.

“काय चाललंय?” मी विचारलं.

“काही नाही,” आत्याबाई म्हणाल्या. “अनशीच्या वाफ्यात हात घालून बघ. पाऊस जाऊन इतके दिवस झाले तरी ओल आहे.”

पोटात अजून चहासुद्धा गेला नव्हता माझ्या, आणि हिचं कौतुक सुरू. मी माझ्या वाफ्यात बसले आणि खुरपायला लागले. खुरपायला तसं काही नव्हतंच. माझ्या वाफ्यात तण औषधालाही सापडायचं नाही. पण मोकळ्या हातानं परत जायचं तर आत्याबाईंना वाटलं असतं, हिला झोंबलं. झोंबलं होतंच, पण ते त्यांना कळायची गरज नव्हती.

आमचं गाव वाईच्या पुढं, धोम धरणाच्या अंगाला. घरात आम्ही दोघी जावा आणि आत्याबाई. आमचे दोघींचे नवरे साखर कारखान्यावर, पाळ्यांवर असायचे, त्यामुळं घर म्हणजे आम्ही तिघीच म्हणा. घरामागच्या परसात मधोमध बांध घालून आत्याबाईंनी अर्धा भाग मला दिला होता, अर्धा अनशीला. रोजची कुरबूर नको म्हणून. कुरबूर थांबली. आता भांडायची गरजच उरली नव्हती, नुसतं पलीकडं बघितलं तरी जळायला पुरत होतं.

अनशी घाटाखालची, पोलादपूरकडची. अनसूया तिचं नाव, पण अनशीच म्हणायचे सगळे. लग्न होऊन आली ते पहिलं वर्ष सोडलं तर तिचं एकच. भेंडीच्या शेजारी घोळ उगवली, राहू दे. वांग्यात तांदुळजा आला, येऊ दे. बांधाला कुर्डू माजला, असू दे, भाजीला होतो. केन्याची निळी फुलं बघत उभी राहायची खुळ्यासारखी. तिच्या वाफ्यात भेंडीचं झाड शोधावं लागायचं. आणि माझा वाफा? रेघ मारून घ्यावी अशा ओळी. झाडाझाडात वीतभर जागा, आणि त्या जागेत नुसती काळी माती. येणारीजाणारी बाई थांबून बघायची. आत्याबाई सोडून.

आत्याबाईंच्या तोंडून माझ्या वाट्याला एकच वाक्य यायचं. “हौसाचं काय, ती करंलच.” हौसा म्हणजे मी. दिवाळीचा फराळ असो, म्हशीचं बाळंतपण असो, पाहुण्यांची पंगत असो, हौसा करंलच. अनशीनं चटणी वाटली तरी चार बायकांत सांगायच्या. मी शंभर पोळ्या लाटल्या तर करंलच. कानकोंडं व्हायचं मला. एक शब्द हवा होता हो. घरात मोठी सून म्हणून उभी राबले, त्याचा एक शब्द. तो अनशीच्या वाफ्यातल्या गवतालाही मिळत होता आणि मला नाही.

त्याच वर्षी मृग लागायच्या आधी मी एक केलं होतं. दरवर्षी आम्ही दोघी परस कुदळीनं खणायचो. पण माझ्या भागात लव्हाळा फार, त्याच्या गाठी खोल जातात. म्हटलं, यंदा मुळासकट काढते आणि असा वाफा करते की आत्याबाईंना बघावंच लागेल. माहेरी निरोप धाडला आणि माझा भाऊ दौलती बैलजोडी घेऊन आला. कुंपण सोडून बैल आत घेतले. आळी गोळा झाली बघायला. नांगर असा खोल लागला की पायाखाली माती पिठासारखी झाली. अनशी मागच्या दारात उभी होती. बैल वळले की मी मुद्दाम तिच्याकडं बघायची.

आत्याबाई एवढंच म्हणाल्या, “परसात बैल कशाला घातले? कुदळीनं चांगलं होत होतं की.”

मला वाटलं, अनशीच्या माहेरी बैल नाहीत, म्हणून हे बोलणं.

तर नागपंचमीच्या आधीच पाऊस जो दडी मारून बसला तो बसलाच. श्रावणात एवढं ऊन मी कधी बघितलं नव्हतं. माझ्या वाफ्यातली उघडी माती आधी वर वाळली, मग तिच्यावर पापुद्रा धरला, मग भेगा पडल्या. दुपारी भेंडी माना टाकायची. चवळीच्या शेंड्यांवर मावा चढला, काळा, चिकट. मी विहिरीवरून कळशा आणायची, राख फुंकायची, हातानं मावा पुसायची. आणि बांधापलीकडं बघावं तर अनशीची चार झाडं त्या तणात ताठ उभी. तिच्या पानांना भोकं होती, नाही असं नाही, पण अळ्यांचा निम्मा जीव त्या तांदुळज्यातच रमला होता. कुर्डूच्या तुऱ्यांवर ठिपक्यांचे लाल किडे फिरायचे, ते तिच्या चवळीवरचा मावा खायचे. माझ्याकडं एक फिरकत नव्हता. बसायला जागाच ठेवली नव्हती मी त्यांना.

हे आता सांगते. तेव्हा मला असं काही दिसत नव्हतं. तेव्हा मला दिसत होतं की आत्याबाई गुपचूप अनशीच्या वाफ्याला पाणी घालतायत. दुसरं काय असणार? एकदा दोघी देवळात गेल्या तशी मी बांध ओलांडला, घोळ बाजूला केली आणि खाली बोट घातलं. थंड लागलं. बोटाला गांडूळ लागलं. वरून पाणी घातल्याची खूण नव्हती, घोळीच्या पसाऱ्याखाली ऊनच पोचत नव्हतं. म्हणजे पाणीही कुणी घालत नव्हतं. मला तर आणखीच राग आला. चोरी सापडली असती तर बरं वाटलं असतं.

आणि बघितलं तर ती सगळंच राहू देत नव्हती. हराळी नव्हती तिच्या वाफ्यात. लव्हाळा नव्हता. गाजरगवत एक नाही. म्हणजे बाई उपटत होती, पण निवडून. आणि आम्हाला दाखवत होती की आपण काहीच करत नाही.

श्रावण उतरायला लागला तसं आत्याबाईंनी काढलं, यंदा ऋषीपंचमीचं उद्यापन करायचं. पाळी गेली की बायका हे व्रत धरतात, काही वर्षं करतात आणि मग उद्यापन करून मोकळ्या होतात. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. नांगरटीच्या शेतातलं धान्य नाही, भाजी नाही. हातानं खणलेल्या परसातलं चालतं, आपोआप उगवलेलं चालतं. त्याची सगळी मिळून एक भाजी करायची आणि वरईचा भात. हे माझ्या लहानपणापासून माझ्या कानावर आहे. आणि तरी त्या दिवशी माझ्या डोक्यात काही आलं नाही, कारण माझं सगळं लक्ष पुढच्या बोलण्यावर होतं.

आमच्या घरात रीत अशी की उद्यापनाच्या पंगतीत सासूच्या शेजारी एका सुनेचा पाट मांडायचा. त्या पाटावर जी बसेल ती पुढं घरातल्या सगळ्या कार्यात पहिली. ओटी भरायला पहिली, हळद लावायला पहिली, गौरी घरात घ्यायला पहिली. मोठी सून बसते, विचारायचंच काय त्यात. मी म्हटलं, “आत्याबाई, त्या दिवशी मला नवी साडी लागेल मग.”

तर म्हणतात कशा, “बघू. जिच्या वाफ्यातली भाजी पातेल्यात जाईल ती बसंल.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी घरात आले तेव्हा ही अनशी चड्डीत फिरत असेल. आता गवताच्या जोरावर माझा पाट घेणार? अनशी खाली मान घालून शेंगा फोडत होती. हसत होती की काय, मला दिसलं नाही. मी मनात म्हटलं, पिकवून दाखवते.

त्यानंतर मी त्या वाफ्यात जीव ओतला. कळशा वाहून खांद्याला गाठ आली. आमचे हे म्हणाले, बाजारातून आणू की भाजी. त्यांना काय कळणार? भाद्रपद लागला तेव्हा माझी भेंडी बोटाएवढी लांब, पडवळ मांडवावरून लोंबतंय, चवळीच्या शेंगा, लाल माठ, मक्याची कोवळी कणसं. सगळं पाण्याच्या जोरावर, पण होतं. अनशीच्या वाफ्यात एक भोपळा, थोडी भेंडी, मोरीच्या पाण्यावरचं अळू आणि बाकी तिचं ते गवत.

आणि ऋषीपंचमीच्या दिवशी सकाळी अनशीला कावळा शिवला.

मागच्या पडवीत गोणपाट टाकून ती बाजूला बसली. त्या काळी असंच होतं, हात लावायचा नाही, घरात यायचं नाही. तिचा चेहरा एवढासा झाला होता. मंजुळामावशी, म्हणजे आत्याबाईंची धाकटी बहीण, उद्यापनासाठी आदल्या दिवशीच आली होती. ती हळहळली. मीही तोंडानं अरेरे म्हटलं. पण खोटं कशाला बोलू, मला आतून उकळ्या फुटत होत्या. तिचा काटा आपोआप निघाला होता. मी डोक्यावरून न्हाले, नवी साडी नेसले, परसातून टोपली भरून आणली आणि सोप्यात ठेवली.

आळीतल्या बायका विळ्या घेऊन बसल्या होत्या. टोपली बघून सगळ्यांचे डोळे विस्फारले. मंजुळामावशीनं एक भेंडी उचलली, उलटीपालटी करून बघितली. म्हणाली, “असल्या कोरड्यात एवढी भेंडी कशी काय आली गं? आमच्याकडं तर फुलंसुद्धा गळली.”

आत्याबाई तिथंच, पूजेच्या सुपाऱ्या धूत होत्या. त्यांना ऐकू जाईल असं मी सांगितलं, “जमीन तशी केली मावशी. दौलतीनं बैलजोडी घातली होती उन्हाळ्यात. असा खोल नांगर लावला की—”

माझं तोंड तिथंच थांबलं.

विळ्यांचा आवाज बंद झाला. मंजुळामावशीनं हातातली भेंडी टोपलीत परत ठेवली. आळीतल्या निम्म्या बायका त्या दिवशी बैल बघायला आल्या होत्या. माझ्याबरोबर सगळ्यांना एकदम आठवलं असणार, किंवा आधीच आठवत असणार.

आत्याबाईंनी सुपाऱ्या पुसून तबकात ठेवल्या. “मी पण विसरले होते,” म्हणाल्या. “राहू दे ती टोपली. उद्या करू.”

खरंच विसरल्या होत्या की नाही, देव जाणे. मला आजही सांगता येत नाही.

आत्याबाईंनी आवाज चढवला नाही, काही नाही. बसल्या जागेवरून सांगितलं, अनशीचा वाफा कुदळीचा आहे, तिथलं आण. भाजी तिच्या वाफ्यातली, म्हणजे पाट तिचा. पण तिला आज बसता येत नाही. “तर हौसा, रांध तू आणि बस तूच.”

म्हणजे पाट मिळाला. कसा मिळाला? अनशीला बसता येत नाही म्हणून उरलेला. चार बायकांसमोर.

मी दुसरी रिकामी टोपली घेऊन अनशीच्या वाफ्यात उतरले. नव्या साडीला कुसळं चिकटत होती. अनशी पडवीच्या कडेला येऊन बसली, तिथून तिला वाफा दिसायचा. मी दिसेल ते ओरबाडत होते. ती म्हणाली, “वैनी, घोळीचे शेंडे घ्या नुसते. खालचं राहू दे, परत फुटतंय.” मग म्हणाली, “तांदुळजा तो न्हवं, त्याला काटं आहेत. भोपळ्याच्या पलीकडचा घ्या.” मग कुर्डूची कोवळी पानं दाखवली. मी मुकाट्यानं खुडत होते. एवढी लाज मला लग्नातसुद्धा वाटली नव्हती. आणि भाजी संपत नव्हती. खुडावं तेवढी खाली आणखी. टोपली भरली तरी वाफा होता तसाच दिसत होता.

बांधावर आले तेव्हा मी विचारलं, “तुला आठवत होतं ना, बैलाचं?”

तिनं होय म्हणून मान हलवली.

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही म्हणाला असता, जळते.”

“आणि जळत नव्हतीस?”

ती गोणपाटाचे धागे उपसत बसली.

मी चुलीपुढं गेले. रागात रांधलं, पण हात कुठं विसरतो? घोळ आंबट असते, तिला भोपळ्याची गोडी लागते, म्हणून भोपळा आधी घातला. अळू चिंचेत शिजवून घेतलं, नाहीतर घसा खाजतो. अनशीच्या चार भेंड्या शेवटी. कुर्डू, तांदुळजा, घोळ सगळं वरून, ओल्या खोबऱ्यात. तेलाचा थेंब नाही. वास सुटला तसं मंजुळामावशी दोनदा आत डोकावून गेली. माझा राग कमी झाला नव्हता. पण पातेल्यात बघितलं आणि वाटलं, आपण जमवलंय.

पूजा झाली, कहाणी झाली, पंगत बसली. आत्याबाईंच्या उजव्या हाताला माझा पाट, पुढं रांगोळी. आत्याबाई म्हणाल्या, वाढून घे आणि बस, म्हणून मी आधी सगळ्यांना वाढलं. आत्याबाईंनी पहिला घास घेतला. मी वरईच्या भाताचं भांडं घेऊन तिथंच उभी. त्यांनी दुसरा घास घेतला, मग तिसरा. माझ्याकडं बघितलं नाही. मान वळवून मागच्या दाराकडं बघितलं. दार उघडं होतं, पडवीत अनशी बसलेली सगळ्यांना दिसत होती.

“अनशे,” त्या मोठ्यानं म्हणाल्या, “हात बघ हौसाचा. तुझ्या त्या गवताचं काय केलं बघ तिनं. कितींदा सांगते तुला, शिक जरा तिच्याकडून.”

बायकांनी माना डोलावल्या. मंजुळामावशी म्हणाली, खरंच बाई.

एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते माझ्या कानानं मी ऐकलं. आणि मला बरं वाटलं. का खोटं बोलू? कानशिलं गरम झाली. मग माझी नजर दाराकडं गेली. अनशी माझ्याकडं बघत नव्हती, आत्याबाईंकडंही नव्हती. खालचा ओठ दातात धरून ती जमिनीकडं बघत होती. तो ओठ, ती मान मला नवी नव्हती. आत्याबाई जेव्हा जेव्हा म्हणायच्या, अनशीच्या वाफ्यात बघ, तेव्हा मी अशीच उभी असायची.

तिचं ताट राहिलं होतं. मी वाढलं आणि पडवीत गेले. तिला शिवणार नाही अशा बेतानं ताट खाली ठेवून पुढं सरकवलं. ती जेवायला लागली नाही.

“तुझ्याच वाफ्यातलं आहे,” मी म्हटलं. “खा.”

“आज तुमच्यासमोर बोलल्या, एवढंच,” ती म्हणाली. “एरवी मागं बोलतात. मी आले तेव्हापासून ऐकते. हौसाची भाकरी बघ. हौसाचा वाफा बघ, एक काडी नाही. हौसा आजारी असली तरी उठून करते.” आवाज बारीक होता, आत जाऊ नये म्हणून. “पहिल्या वर्षी मीपण सगळा वाफा खुरपला होता वैनी. तर म्हणाल्या, हौसासारखं नाही जमलं. मग मी सोडूनच दिलं. तुमच्यासारखं करायला गेले तर जन्मभर तुमच्या खालीच राहिले असते. गवत ठेवलं, तर निदान वेगळं तरी.”

मी ऐकत उभी राहिले. माझी भाकरी. माझा वाफा. एवढं सगळं माझ्या घरात रोज बोललं जात होतं आणि मला सोडून सगळीकडं पोचत होतं.

“मला काय म्हणतात माहीत आहे?” मी म्हटलं.

“काय?”

“अनशीच्या वाफ्यात बघ.”

तिनं वर बघितलं. “उगाच समजूत काढू नका.”

“तुझी समजूत काढायला मी काय तुझी आई आहे?”

तेवढ्यात आतून हाक आली. आत्याबाई म्हणाल्या, “हौसा, बस आता. पाट रिकामा आहे.”

पंगतीतल्या बायका थांबल्या होत्या. मला तिथून पाट दिसत होता, रांगोळी दिसत होती. तो पाट मला नको होता असं मी म्हणणार नाही. मला तो हवाच होता, आत्ता तर जास्तच. आणि आत्याबाईंचा असा राग आला होता की सांगता सोय नाही. जन्मभर एकीला दुसरीच्या नावानं भाजलं आणि दोघींना वाटलं, विस्तव पलीकडून येतोय.

मी खाली बसले. अनशीच्या गोणपाटावर, तिच्या मांडीला मांडी लावून. ती दचकून सरकायला लागली, “वैनी, अहो शिवाल.” मी तिच्या ताटातला भात कालवला, घोळीची भाजी घेतली आणि घास तोंडात घातला.

आत कुजबुज झाली. मंजुळामावशीचा आवाज आला, “अगं, काय केलं हिनं?”

“मी शिवले, आत्याबाई,” मी बसल्या जागेवरून म्हटलं. “मला आता आत येता येत नाही.”

आत्याबाईंची पाठ आमच्याकडं होती, ती हलली नाही. अनशी माझ्याकडं बघत होती. मग तिनंही ताटात हात घातला. एक घास खाल्ला. चावला. दुसरा घेतला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, “वैनी, मीठ कमी पडलंय.”

असा राग आला मला. एवढं करून वर मीठ कमी? मी चव घेतली. कमीच होतं. त्या बैलाच्या गोंधळात निम्मं मीठ विसरलं होतं आणि आत्याबाईंनी तीन घास खाऊन तोंडानं काढलं नव्हतं. आता मिठाचा डबा आत चुलीजवळ आणि आम्हा दोघींना उंबरा ओलांडायची बंदी.

“आत्याबाई,” मी हाक मारली. “तुमच्या दोन्ही सुना अळणी जेवतायत. मीठ आणून द्या.”

मंजुळामावशी उठायला लागली. व्रताच्या ताटावरून आत्याबाईंना उठता येत नव्हतं. उठलं की त्या दिवशी परत जेवायचं नाही, असा नेम. आत्याबाईंनी बहिणीच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला बसवलं. मग पाण्याचा घोट घेतला, ताट पुढं सारलं, गुडघ्याला हात लावून उठल्या आणि चुलीकडं गेल्या.